गोल कोपऱ्यांची विंडो

१

मी मत्सरी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. शाळेत शेजारच्या मुलीची कंपासपेटी नवी दिसली की माझ्या पोटात दुखायचं. आता ऑफिसात कोणाचं कौतुक झालं की मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवते आणि मग दिवसभर कीबोर्डवर राग काढते. नवऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. लग्नाआधीच त्याने माझं नाव ‘मिरची’ ठेवलं होतं आणि मी ते लावूनही घेतलं.

नवरा चित्रकार. मुलांच्या पुस्तकांतले ससे, ढग, पोस्टमन वगैरे काढतो. मी दिवसा एका कंपनीत बिलांचे स्क्रीन बनवते आणि संध्याकाळी घरी येऊन आमचं गेम इंजिन बनवते, म्हणजे ज्याच्यावर गेम उभा राहतो तो सांगाडा. गेम साधा आहे. एका स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस. छत्र्या, हातमोजे, चष्मे, कोणाची तरी कवळी. खेळणाऱ्याने प्रत्येक वस्तूचा मालक शोधून द्यायचा. वस्तू नवरा काढतो, बाकी सगळं माझ्याकडे.

त्यातही माझा जीव विंडो सिस्टिमवर. स्क्रीनवरची ती खोकी, त्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या, बटणं, स्लायडर, कोणती विंडो पुढे, कोणती मागे, टाइप केलेलं त्यांतल्या कोणत्या विंडोला ऐकू जायचं, हे सगळं मी हाताने लिहिलेलं. अशा गोष्टी आयत्या मिळतात. ऑफिसातला प्रत्येक जण मला हेच ऐकवतो. घरी स्वेटर विणणाऱ्या बाईला कोणी असं ऐकवत नाही, मलाच का ऐकवतात कोण जाणे.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मोठी खिडकी आहे, म्हणून तिथे नवऱ्याचं टेबल. मी स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर. माझं काम झालं की त्याच्या मशीनवर नवी प्रत टाकायची, मग तो माझ्या विंडो वापरून गेममधलं ऑफिस सजवणार. त्यावर त्याचं मत एकाच शब्दात असे. रंगांची विंडो केली, "चालतंय." वस्तूंची केली, "चालतंय." दोन विंडो जवळ आणल्या की आपोआप एकमेकींना चिकटतील अशी सोय केली, तिच्यापायी माझी अख्खी सुट्टी गेली, तेव्हाही त्याने मान वर न करता म्हटलं, "हो का? चालतंय."

म्हणून एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मिरचे, उजेडाची विंडो काय सुंदर केलीस गं!" तेव्हा मी चाटच पडले.

उजेडाची विंडो मी केलीच नव्हती. करायची होती. गेममधल्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला एखादा स्लायडर, एवढंच डोक्यात होतं, आणि ते त्याला कधीतरी जेवताना बोलूनही दाखवलं होतं. पण तो दारात उभा होता, हातात रिकामा कप, चेहरा खुललेला. त्याने माझ्याकडे असं बघून किती दिवस झाले होते.

"आवडली?" मी म्हणाले.

२

तो आंघोळीला गेल्यावर मी पुढच्या खोलीत जाऊन पाहिलं.

स्क्रीनच्या उजव्या कडेला एक अरुंद विंडो होती. तिच्यात एकच स्लायडर. तो हलवला की हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसातला दिवा मंद व्हायचा, छत्र्यांच्या सावल्या लांब व्हायच्या, आणि कवळीसुद्धा बिचारी कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसायची. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू?

मग मला कोपरे दिसले. माझ्या सगळ्या विंडोंचे कोपरे टोकदार आहेत. गोल कोपरा ऐकायला सोपा वाटतो, पण काढायला बसलं की कड करवतीसारखी दिसते. मी बराच काळ त्यापायी डोकं फोडून शेवटी नाद सोडला होता, आणि नवऱ्याला सांगितलं होतं की टोकदारच छान दिसतात. ह्या विंडोचे चारही कोपरे गोल होते. वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखे.

डोक्यावरच्या पट्टीत नाव नव्हतं. माझ्या सिस्टिममध्ये बिनानावाची विंडो उघडतच नाही, तशी पाचर मी स्वतः मारून ठेवली आहे. आणि माझ्या बाकीच्या विंडो, रंगांची, वस्तूंची, तिला जागा द्यायला अंग चोरून डावीकडे सरकल्या होत्या.

मला भीती वाटायला हवी होती. पण आधी जे आलं ते सांगते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे माझ्यापेक्षा चांगलं कोणी केलं?

३

आता विचारायची सोय राहिली नव्हती. "आवडली?" म्हणून बसले होते ना. आता कुठल्या तोंडाने विचारणार, की बाबा रे, ही तुला कोणी करून दिली?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी आमचा सगळा कोड चाळला. उजेडाचा उल्लेख नाही. गोल कोपऱ्याचा तर नाहीच. माझ्या मशीनवर तीच प्रत चालवून पाहिली, तिथे ती विंडो येत नव्हती. संध्याकाळी त्याच्या मशीनवरची जुनी प्रत मुळापासून काढून नवी टाकली. चालू केली. क्षणभर उजवीकडची जागा रिकामी होती आणि मला हायसं वाटलं. मग माझ्या विंडो सरकल्या. आधी त्या सरकल्या, ती नंतर आली.

बुद्धी म्हणते ते मी स्वतःला समजावलं. जुनी मेमरी साफ झाली नसेल. दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमचं चित्र माझ्या चित्रात घुसत असेल. अशा गोष्टी होतात, मी स्वतः केलेल्या आहेत. पण दुसऱ्याचं चित्र माझा दिवा कसा मंद करेल?

मग मत्सराने दुसरा रस्ता दाखवला. नवऱ्याच्या कॉलेजात एक कुरळ्या केसांची मुलगी होती. पुढे ती गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. आमच्यात तिचं नाव ‘कुरळी’ आणि ते मीच ठेवलेलं. जेवताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "कुरळी काय म्हणते हल्ली?"

"कोण? ती होय? आपल्या लग्नानंतर फोन नाही तिचा." त्याने घास घेतला. "का गं?"

"काही नाही. आठवण झाली."

"तुला? तिची?" तो हसला. "तब्येत बरी आहे ना?"

नवरा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. मी नीट पाहिलं. कान जसेच्या तसे होते, आणि मला वाईट वाटलं. कुरळीवर राग तरी काढता आला असता.

४

त्या आठवड्यात पुढच्या खोलीतून हसू ऐकू यायला लागलं.

नवरा काम करताना हसत नाही. शिट्टी वाजवतो, पेन्सिल चावतो, फार तर स्वतःला शिव्या देतो. आणि आता मी आत भांडी विसळत असले की बाहेर तो मध्येच हसायचा. लग्नाआधी फोनवर माझ्याशी बोलताना हसायचा तसा, नाकातून.

एकदा मी हात पुसत बाहेर गेले. "कशाला हसतोयस?"

"तू ना, खरंच," तो म्हणाला. "आतून हे असं लिहायची कल्पना भारी आहे. मजा येते."

त्याने बोट दाखवलं. गोल कोपऱ्यांच्या विंडोत, स्लायडरच्या खाली, एक ओळ होती. *छत्री जरा कलती ठेव. कोणीतरी घाईत विसरल्यासारखी वाटेल.*

त्याने छत्री कलती केली होती. ती खरोखरच कोणीतरी घाईत विसरल्यासारखी दिसत होती. मला हे सुचलं नसतं. मी म्हटलं असतं, छत्री सरळ ठेव, नाहीतर क्लिक नीट लागणार नाही.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"बरं बरं. नाही लिहिलंस."

"अरे, खरंच सांगते. माझ्या टेबलावरून तुझ्या मशीनवर असं काही लिहिताच येत नाही. तशी सोयच मी केलेली नाही."

"आणि कोपरेही तू गोल केले नाहीस." त्याने माझा ओला हात धरून गालाला लावला. "चार लोकांनी कौतुक केलं नाही म्हणून भांडणारी बाई, आणि आता मी करतोय तर लाजतेस?"

मी हात सोडवून घेतला नाही. काय करू? फार दिवसांनी धरला होता.

त्यानंतर तो रोज आत येऊन माझे आभार मानू लागला. "पाठ दुखत असेल तर ऊठ म्हणालीस, बरं झालं." मी म्हणाले नव्हते. "त्या प्रकाशकाचं मनाला लावून घेऊ नको म्हणालीस ना, ते पटलं." प्रकाशकाचं काय झालं होतं हेच मला माहीत नव्हतं. तो मला सांगायचा थांबला होता, कारण त्याच्या मते त्याने सांगून झालं होतं. माझ्यासाठी चहा करून आणायचा. जाता जाता केसांवरून हात फिरवायचा. असा नवरा कोणाला नको असतो? पण ती माया दुसरीने कमावलेली होती आणि माझ्या पदरात पडत होती. मी चांगली बायको आहे असा माझा दावा कधीच नव्हता. पण माझ्याच घरात, माझ्याच नावाने, दुसरं कोणीतरी माझ्यापेक्षा चांगली बायको होत होतं.

५

तो एका दुपारी चित्रं पोचवायला गेला, तेव्हा मी मुद्दाम अर्धी रजा टाकून घरी आले आणि त्याच्या खुर्चीत बसले.

खोलीत ऊन होतं. खालून कोणीतरी लोखंडी शटर वर करत असल्याचा आवाज येत होता. स्क्रीनवर माझ्या विंडो डावीकडे दाटीवाटीने उभ्या होत्या आणि उजवीकडे ती, आता चांगली रुंद झालेली.

मी तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं.

माझ्या सिस्टिममध्ये फुली दाबली की विंडो लगेच मरत नाही. तिला विचारलं जातं, बंद होतेस का? तिच्यात सेव्ह न केलेलं काम असेल तर ती नाही म्हणू शकते. हा शहाणपणा माझाच. कोणाचं चित्र वाया जाऊ नये म्हणून केलेला.

ती नाही म्हणाली. म्हणजे काही म्हणाली नाही, नुसती बंद झाली नाही. मी पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिले, लिफ्ट येत नसली की माणूस दाबतो तशी.

तिच्या डोक्यावरची पट्टी इतके दिवस कोरी होती. तिथे आता अक्षरं आली.

*तो येऊ दे.*

मी कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. काय केलं ते सांगायला लाज वाटते, शिव्याच होत्या. एक अक्षर उमटलं नाही. माझ्या सगळ्या विंडोंच्या पट्ट्या करड्या पडल्या होत्या. विंडोचं ऐकलं जात नसलं की तिची पट्टी करडी पडते, हा रंगही मीच निवडलेला.

मी वाकून वायर ओढली. मशीन बंद पडलं आणि काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसला. घामेजलेला, ओठ आवळलेले, कपाळावर आठ्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं की संध्याकाळी घरी आल्यावर त्याला हाच चेहरा दिसतो.

६

पुढच्या रविवारी दुपारी माझी धाकटी नणंद आली. ती दुसऱ्या गावी राहते आणि न कळवता येते. मी भाजी घेऊन परत आले तर ती स्वयंपाकघरात, टेबलापाशी उभी. मला बघून तिचा चेहरा कसनुसा झाला.

"वहिनी? तू बाहेर होतीस?"

"मग काय, ही पिशवी काय उगाच मिरवतेय? कधी आलीस? दादा भेटला का?"

"दार उघडंच होतं. तो पुढच्या खोलीत होता, पण खोलीचं दार लोटलेलं. तुमचं दोघांचं बोलणं चाललं होतं, हसत होतात. म्हटलं नवरा-बायकोत कशाला तडमडायचं, म्हणून इकडे येऊन थांबले." तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "मग आत कोण होतं?"

आमच्या इंजिनाला अजून आवाज नव्हता. आवाजाचा भाग मी सुरूच केला नव्हता. दार उघडायचा नाही, घंटीचा नाही, काही नाही.

"कसा होता आवाज?" मी विचारलं.

"तुझाच होता गं. म्हणून तर..." ती विचारात पडली. "फक्त तू एरवी एवढं गोड बोलत नाहीस."

मी पिशवी खाली ठेवली. मला बसायचं होतं, पण टेबलापाशी माझी खुर्ची नव्हती. नणंद उभी का होती ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या खोलीचं दार मी ढकललं. नवरा स्क्रीनसमोर बसला होता आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून, माझी खुर्ची होती. रिकामी.

"कोणाशी बोलत होतास?"

"तुझ्याशीच की," तो मान न वळवता म्हणाला. "आलीस भाजी घेऊन? बरं झालं, ती खुर्ची उन्हाकडे सरकवायला सांगितलंस. पाठ मोकळी झाली."

मी खुर्ची ओढत परत नेली. बैठक कोमट होती. ऊन लागलं असेल. खिडकी मोठी आहे, त्या वेळी तिथे ऊन येतं.

संध्याकाळच्या गाडीने नणंद निघाली. एरवी ती चार दिवस हलत नाही. जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दादा किती खूश दिसतो गं." मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

७

मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि कामाला लागले. ती बंद होत नसेल तर नको होऊ दे. तिच्यापुढे काहीतरी आणून ठेवते.

विंडोंमध्ये एक जात असते, जी उत्तर घेतल्याशिवाय हटत नाही. "हे नक्की पुसायचं का?" असं विचारणारी. ती उघडली की बाकी सगळं तिच्यामागे जातं, त्याच्यावर पातळ काळोख पसरतो, आणि मागच्याने कितीही आरडाओरडा केला तरी कोणाला ऐकू जात नाही. पुढचीचं उत्तर देईपर्यंत मागच्या सगळ्या बहिऱ्या आणि मुक्या. अशी विंडो आमच्यात नव्हती. मी ती लिहायला घेतली.

कधी नव्हे इतकं मन लावून लिहिलं. नियम एका वाक्याचा होता. ही विंडो सोडून इतर जे काही असेल ते मागे, अंधारात. ‘जे काही असेल ते’ असंच लिहिलं, कारण जी माझ्या कोडमध्ये नावाने नाहीच, तिला नावाने कशी वगळणार? कोपरे टोकदार ठेवले, अगदी मुद्दाम. आत माझ्या शब्दांत मजकूर लिहिला. पहिल्यांदा चांगला फर्डा लिहिला होता, मग सगळा पुसला आणि एवढाच ठेवला:

*मी हे काहीही केलेलं नाही. ते सगळं दुसऱ्या कोणीतरी केलं. मला इतकं गोड बोलता येत नाही, पण मी खरी आहे आणि आत स्वयंपाकघरात बसले आहे. ऊठ आणि माझ्याकडे ये.*

खाली एकच बटण. *आलो.*

सकाळी तो दाढी करत असताना मी त्याच्या मशीनवर नवी प्रत टाकली. माझी विंडो मधोमध उभी राहिली, चौकोनी, बुटकी, माझ्यासारखीच. तिच्यामागे सगळं मंद झालं. गोल कोपऱ्यांची तीसुद्धा. तिच्यात कुठलीही ओळ उमटली नाही, तिच्या डोक्यावरची पट्टी करडी पडली. मी तिच्याकडे बघून हसले. अगदी नीच हसले, आणि मला फार बरं वाटलं.

मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खुर्चीत बसले. नवरा गुणगुणत पुढच्या खोलीत गेल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. बराच वेळ काही नाही. तो वाचत असणार. माझं काळीज धडधडत होतं, लग्नाला होकार येईल की नाही ह्याची वाट पाहतानासुद्धा एवढं धडधडलं नव्हतं.

मग माउसची टिचकी ऐकू आली.

"आलो," तो म्हणाला.

८

त्याच वेळी स्वयंपाकघरातला उजेड उतरला. मला वाटलं, ढग आला. खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवर ऊन होतं, गच्चीवरच्या चादरी डोळे दिपवतील इतक्या पांढऱ्या होत्या. अंधार खोलीत होता, पातळसा. टेबलावर, भांड्यांवर, माझ्या हातांवर. मी दिव्याचं बटण दाबलं. बटण खाली गेलं, पण टक झालं नाही.

"अरे," मी हाक मारली. "आलास का?"

तो येत नव्हता. मी उठून पुढच्या खोलीकडे गेले. दार सताड उघडं होतं आणि आतली खोली लख्ख उजळलेली. माझ्यापुढे काही नव्हतं. काच नाही, पडदा नाही. मी पाय पुढे टाकला आणि तो उंबऱ्याच्या अलीकडेच राहिला. पुन्हा टाकला. जणू मी पाय उचललाच नव्हता.

नवरा खुर्ची अर्धी वळवून बसला होता. त्याच्या शेजारी कोणीतरी होतं. दाराच्या चौकटीआडून मला फक्त एक खांदा दिसत होता आणि निळ्या चौकड्यांची बाही. तो शर्ट मी त्या क्षणी अंगात घातलेला होता.

"आलो ना," तो त्या बाजूला म्हणत होता. "हे बघ, आलो. एवढं लिहायची काय गरज होती? मला माहीत नाही का, तू खरी आहेस ते?"

मी ओरडले. चौकटीवर मुठी आपटल्या. त्या आपटल्यासारखं मला वाटलं, पण आवाज आला नाही. मी त्याला आजवर दिलेल्या सगळ्या शिव्या दिल्या, मग लाडाची नावं घेतली, जी मी चारचौघांतच काय, एकांतातही कधी घेतली नव्हती. त्याने मान वळवली. दाराकडे बघितलं, अगदी माझ्याकडे, आणि त्याच्या भुवया जवळ आल्या.

"आतून कोणी हाक मारली का गं?"

"नाही रे," माझा आवाज म्हणाला, किती प्रेमाने. "आत कोण असणार?"

"हो, खरंच की."

तो पुन्हा तिकडे वळला. मी लिहिलेला नियम डोक्यात घोळवत राहिले, त्यात चूक कुठे झाली ते शोधत राहिले. चूक नव्हती. इतर जे काही असेल ते मागे. त्याने बटण दाबलं की मागचं सगळं पुन्हा जिवंत व्हायचं होतं, आणि तसं झालंही असेल. तिकडे उजेड होता. फक्त तो जिला ‘आलो’ म्हणाला ती उजेडात गेली, आणि इतर जे काही उरलं ते मी होते.

माझ्यामागे स्वयंपाकघर आहे की नाही हे मी वळून पाहिलेलं नाही. डोळे काढवत नाहीत. इथून सगळं दिसतं, हेच वाईट आहे. नवरा हसतो आहे, नाकातून. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली आहे, रोजच असते, आणि मी रोज बघून सोडून देते. चौकटीआडून एक हात पुढे येतो आणि ती कॉलर हळूच बाहेर काढून सरळ करतो. तो डोळे मिटून घेतो. बोटं माझीच आहेत.